बारा मैलांच्या पलीकडचा कॅसिनो

नमस्कार मंडळी. या हॉलमधले बरेच जण क्रूझला जाऊन आलेत नाहीतर जायचं ठरवतायत हे मघाशी चहाच्या वेळी कळलंच, त्यामुळे मी थेट मुद्द्यावर येते. तुम्ही बंदरात बोटीवर चढता तेव्हा कॅसिनो बंद असतो. दोरी लावलेली, मशीन गप्प, टेबलांवरच्या चिप्सच्या ट्रेला कुलूपवालं झाकण. मग बोट सुटते, सेफ्टी ड्रिल होतं, लोक डेकवर फोटो काढतात, आणि थोड्या वेळाने ब्रिजवरून, म्हणजे कप्तान बोट चालवतो तिथून, निरोप येतो की आता उघडा. हा निरोप कशाचा असतो? तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, ओलांडल्याचा. तिथवर त्या देशाचा कायदा चालतो आणि त्याच्यापुढे बोटीच्या मागे जो झेंडा लावलाय त्या देशाचा, आणि तो झेंडा बऱ्याचदा बहामास, पनामा, माल्टा असल्या देशाचा असतो, मग प्रवासी नागपूरचे असोत नाहीतर न्यू जर्सीचे.

मी या टेबलांच्या मागे उभी राहिलेय, आधी डीलर म्हणजे पत्ते वाटणारी म्हणून आणि नंतर इन्स्पेक्टर म्हणजे टेबलांवर लक्ष ठेवणारी म्हणून, आणि मला आज त्या रेषेबद्दलच बोलायचंय. रेषा ओलांडली की जुगाराची बंदी मागे राहते हे सगळ्यांना माहितीय, पण खेळणाऱ्याला सांभाळणारे जे नियम जमिनीवर असतात ते पण मागेच राहतात, आणि हे तुम्हाला तिकीट देताना कोणी सांगत नाही.

या रेषेचा सगळ्यात भन्नाट किस्सा कॅलिफोर्नियातला आहे. टोनी कॉर्नेरो नावाचा माणूस, दारूबंदीच्या काळात चोरटी दारू आणून मोठा झालेला. त्याने १९३८ मध्ये 'रेक्स' नावाची जुनी बोट घेतली आणि सँटा मोनिकाच्या समोर तीन मैलांच्या जरासं पलीकडे नांगर टाकून उभी केली, कारण तेव्हा राज्याची हद्द तीन मैलांची धरायचे. बोट कुठे जायची नाही यायची नाही, नुसती उभी. लोक धक्क्यावरून छोट्या वॉटर टॅक्सीने जायचे, भाडं २५ सेंट, रात्रभर खेळायचे आणि परत. पेपरात उघड जाहिराती! शेवटी १९३९ च्या ऑगस्टमध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल अर्ल वॉरन यांनी धाड घातली, म्हणजे हेच वॉरन पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले, तर त्यांचे लोक बोटींतून गेले आणि कॉर्नेरोने काय करावं, आग विझवायच्या पाण्याचे पाइप त्यांच्यावर सोडले, चढूच देईना. कित्येक दिवस हे चाललं. पण खरी मजा पुढे कोर्टात आहे. कॉर्नेरोचं म्हणणं, मी किनाऱ्यापासून तीन मैल मोजलेत. सरकारचं म्हणणं, सँटा मोनिका हा उपसागर आहे, म्हणून दोन टोकांच्या भूशिरांमध्ये आधी रेघ ओढा आणि तीन मैल त्या रेघेपासून मोजा. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं ऐकलं, आणि बोट जागची हलली नसताना एका निकालाने बेकायदा झाली. तरी १९४६ मध्ये हा गडी 'लक्स' नावाची दुसरी बोट घेऊन परत आलाच, आणि मग १९४८ मध्ये अमेरिकेने किनाऱ्याजवळच्या जुगारी बोटींविरुद्ध कायदाच केला.

उलटं उदाहरण पण आहे. हवाईच्या बेटांमध्ये फिरणारी 'प्राइड ऑफ अमेरिका', झेंडा अमेरिकेचा, फिरते हवाईच्याच पाण्यात, आणि हवाईत जुगाराला बंदी. एवढी मोठी बोट, पण तिच्यावर कॅसिनो नाही.

आता आपल्या जवळचं बघा. गोव्याचा मूळ कायदा १९७६ चा, जुगारबंदीचा. त्यात १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत इलेक्ट्रॉनिक मशीनना वाट काढून दिली, आणि १९९६ मध्ये 'ऑफशोअर' बोटींवर टेबलावरचे खेळ चालतील असं घातलं. म्हणजे कायद्याने पत्त्यांचं खरं टेबल जमिनीवर नाही, पाण्यावर. आणि हे पाणी कुठलं, तर मांडवी! पणजीच्या जेट्टीवरून फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत तुम्ही बोटीवर, तिथून शहराचे दिवे दिसतात, गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. ज्यांची नदी ते गोंयकार कित्येक वर्षं ओरडतायत की या बोटी इथून हलवा, आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोवेकरांना आत खेळायला बंदी आहे. मला हे मनापासून खटकतं. आपल्या माणसांना ज्याच्यापासून जपायचं ठरवलं ते शेजारच्या राज्यातल्या पोरांना विकायचं, हे धोरण म्हणून मला पटत नाही. आणि महाराष्ट्राने तरी काय वेगळं केलं, कॅसिनोचा कायदा १९७६ लाच केला होता, तो कधी अंमलात आणला नाही, शेवटी २०२३ मध्ये रद्द केला, आणि मुंबई-पुण्याची गर्दी शनिवारी रात्री मांडवीत असतेच.

सिंगापूरने हे नीट हाताळलं असं माझं मत आहे. आपल्याकडची किती कुटुंबं सिंगापूर-मलेशिया-थायलंडच्या टूरमध्ये स्टार क्रूझेसच्या 'सुपरस्टार व्हर्गो'वर दोन रात्री राहून आलीत, तेव्हा सिंगापुरात जमिनीवर एकही कॅसिनो नव्हता. २०१० मध्ये दोन उघडले, पण त्याआधीच सरकारने व्यवस्था केली. स्थानिक माणसाला आत जायला प्रवेशकर, आधी १०० सिंगापूर डॉलर, २०१९ पासून १५०. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरच्या माणसांना अर्ज करता येतो, की आमच्या याला आत घेऊ नका. बायको करू शकते, मुलगा करू शकतो. रीतसर चौकशी होऊन आदेश निघतो. आता सांगा, परदेशी झेंड्याच्या बोटीवर, भर समुद्रात, नवऱ्याला थांबवायला बायकोने कोणाकडे जायचं? कंपन्या स्वतःहून अशी विनंती ऐकतात कधीकधी, चांगले मॅनेजर मी बघितलेत. क्रूझवाल्यांच्या संघटनेने नियमावली पण केलीय. पण ते सगळं त्यांच्या मर्जीवर, तुमचा हक्क म्हणून नाही.

आता टेबलावर या. पत्ते लावलेले असतात, चाक हाताने फिरवतात वगैरे जे लोकांना वाटतं ते डोक्यातून काढून टाका. कोणी फसवत नाही, फसवायची गरजच नाही, हिशोब नियमातच बसवलेला असतो. ब्लॅकजॅक घ्या. पत्त्यांची बेरीज २१ च्या जितकी जवळ तितकं बरं, २१ ओलांडले की हरलात, आणि पहिल्या दोन पत्त्यांतच २१ झाले की तो ब्लॅकजॅक. तुम्ही १० डॉलर लावले आणि एक्का-राजा आला. जुन्या नियमाने तीनास दोन, म्हणजे १५ डॉलर मिळायचे. आता बोटीवर टेबलाच्या कापडावर बऱ्याचदा सहास पाच छापलेलं असतं, म्हणजे १२. तीन डॉलर गेले, पण जिंकलेल्या माणसाला ते जाणवतच नाही, तो हसत असतो, मी स्वतः किती वेळा हसऱ्या चेहऱ्यांसमोर १२ डॉलर मोजून ठेवलेत. साधारण २१ डावांत एकदा ब्लॅकजॅक येतो, तासाला ६० डाव धरा, तर तासाला आठ-नऊ डॉलर या एका ओळीने जातात, १० डॉलरच्या टेबलावर. रूलेटचं, म्हणजे आकड्यांच्या चाकावर गोटी फिरवायच्या खेळाचं, तसंच. एका शून्याचं चाक असेल तर ३७ घरं, दोन शून्यांचं असेल तर ३८, पण तुमचा एक आकडा लागला तर पैसे मात्र दोन्हीकडे ३५ पटच मिळतात. पहिल्यात १०० मागे सरासरी २ रुपये ७० पैसे घराला, म्हणजे कॅसिनोला, दुसऱ्यात ५ रुपये २६ पैसे. तीन शून्यांची चाकं पण निघालीत आता, तिथे ७ रुपये ६९ पैसे. लास वेगासला एक टेबल वाईट वाटलं तर रस्ता ओलांडून समोर जाता येतं. बोटीवर समोर समुद्र आहे, कॅसिनो एकच, आणि त्यात बंदर नसलेला दिवस असेल तर माणूस दिवसभर त्याच मजल्यावर घुटमळतो.

पोकरबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तरुण मुलं हेच विचारतात, की पोकर तर कौशल्याचा खेळ ना? आहे. पोकरमध्ये तुम्ही घराविरुद्ध खेळत नाही, एकमेकांविरुद्ध खेळता, आणि चांगला खेळणारा महिनोन्‌महिन्यांच्या हिशोबात वर राहू शकतो. क्रूझचा आणि पोकरचा संबंध पण जुना आहे. २००२ च्या पार्टीपोकर मिलियन स्पर्धेचा शेवट बोटीवर झाला, कॅथी लीबर्ट जिंकली, १० लाख डॉलर, आणि एका स्पर्धेत एवढी रक्कम जिंकणारी ती पहिली बाई. २००४ च्या जानेवारीत पोकरस्टार्सची कॅरिबियन स्पर्धा 'व्हॉयेजर ऑफ द सीज' या बोटीवर झाली, गस हॅन्सन जिंकला, आणि पुढच्या वर्षीपासून तीच स्पर्धा बहामासला हॉटेलात, जमिनीवर गेली.

पण रोजच्या क्रूझवर जे एखादं पोकरचं टेबल असतं त्याची गोष्ट निराळी. तिथे घराची कमाई म्हणजे रेक. प्रत्येक पॉटमधून, म्हणजे त्या डावात सगळ्यांनी मिळून लावलेल्या पैशांतून, कापलेला हिस्सा, बऱ्याच ठिकाणी १० टक्के. चांगल्या पोकर रूममध्ये या कपातीला चार-पाच डॉलरची वरची मर्यादा असते, बोटीवर मी याहून बऱ्याच मोठ्या मर्यादा बघितल्यात. आता माझ्याबरोबर मोजा. आठ जण बसले, प्रत्येकाकडे १०० डॉलर, टेबलावर एकूण ८००. तासाला २५ डाव, सरासरी पॉट ४० डॉलरचा. दर डावाला ४ डॉलर पेटीत, तासाला १०० डॉलर. म्हणजे कोण हुशार, कोण कच्चा हे सगळं बाजूला ठेवा, आठ तासांत टेबलावरचे सगळेच्या सगळे ८०० डॉलर पेटीत गेलेले असणार आणि आठही जणांना खिशातून नवे पैसे काढावे लागणार. कौशल्य असतं हो, पण ते या कपातीला पुरून उरायला पाहिजे, आणि क्रूझच्या चार-पाच रात्रींत ते कोणाला शक्य आहे? आणि एवढं असूनही कंपनीला पोकर फार आवडत नाही, कारण डीलर लागतो, जागा लागते, आणि त्याच जागेत स्लॉट मशीन जास्त कमावतात. म्हणून काही बोटींवर डीलरच नसलेली पोकरप्रो नावाची इलेक्ट्रॉनिक टेबलं आली, पत्ते स्क्रीनवर. मला ती कधी आवडली नाहीत, समोरच्याचा हात पत्त्यांवर कसा जातो हेच जर बघायचं नाही तर पोकर कशाला खेळायचं.

पैसे कसे जातात तेही बघून ठेवा. बोटीवर सगळं केबिनच्या कार्डावर चालतं, तेच दाराची चावी, तेच जेवणाचं बिल, तेच कॅसिनोत. कार्डावरून चिप्स किंवा रोख घेतली की बऱ्याच कंपन्या ३ ते ५ टक्के वेगळे लावतात. म्हणजे १०० डॉलर खेळायला घेतलेत आणि पहिला पत्ता पडायच्या आधी ५ डॉलर गेले! हे काउंटरवर छोट्या पाटीवर लिहिलेलं असतं, पण रात्री अकरा वाजता कोण वाचतंय. आणि जो जास्त खेळतो त्याला पुढच्या क्रूझची केबिन फुकट, असं पत्र घरी येतं. लोक ते पत्र अभिमानाने दाखवतात. केबिन फुकट मिळण्याइतका माणूस किती हरला असेल हे त्या पत्रात नसतं.

आमच्या बाजूचं पण सांगते. टेबलामागे आपली पोरं खूप असतात, गोव्याची, मुंबईची, कोकणातली. कपड्याला खिसा नाही, टेबल सोडताना दोन्ही हात टाळी वाजवल्यासारखे करून पालथे-उताणे कॅमेऱ्याला दाखवायचे की हातात चिप नाही, आणि चालू टेबलावर फक्त इंग्रजी. या शेवटच्या नियमाचा मला फार त्रास झाला. एकदा एक जोडपं आलं, साठीच्या पुढचं, बोलण्यावरून कळलं की आपल्याकडचे. काका खेळतायत, काकू मागे पर्स घट्ट धरून उभ्या. काकांकडे १६ झाले, माझ्याकडे उघडा दस्सा, काका थबकले. काकूंनी माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव वाचलं आणि पटकन म्हणाल्या, "अगं तू आपली दिसतेस, सांग ना, घेऊ दे का यांना अजून एक?" वर कॅमेरा, बाजूला इन्स्पेक्टर. मी म्हटलं, "प्लेअर्स डिसिजन, मॅडम." त्या अशा बघत राहिल्या की मी ओळख नाकारली. काकांनी पान घेतलं, नव्वा आला, गेले. ते तसे थोडेच हरले, घर विकायची वेळ आली वगैरे काही नाही. पण त्या बाईला त्या अख्ख्या मजल्यावर आपल्या बाजूने बोलणारं एक माणूस पाहिजे होतं आणि त्या जागेची रचनाच अशी की ते मिळू नये.

आता मुंबईत बॅलार्ड पिअरला नवं क्रूझ टर्मिनल झालंय, २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' बोट मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे जातेच आहे, आणखी बोटी येणार. चांगलं आहे, लोकांनी समुद्र बघावा, मी स्वतः समुद्रावर वाढलेय. पण बोट बारा मैलांपलीकडे काय करते यावर आपला ताबा नसला तरी ती बांधली जाते आपल्याच धक्क्याला, आणि तिथे अटी घालता येतात. प्रत्येक खेळात घराचा हिस्सा किती हे तिकिटाबरोबर मराठीत आणि हिंदीत छापून द्या. कार्डावरची कपात रक्कम घ्यायच्या आधी स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दाखवा. दिवसाची मर्यादा प्रवाशाने चढतानाच ठरवायची आणि ती रात्री वाढवता येणार नाही असं करा. आणि घरच्या माणसाने बंदरातच अर्ज दिला तर त्या प्रवाशाचं कार्ड कॅसिनोत चालता कामा नये. यातली एकही गोष्ट अवघड नाही, कार्डाच्या सिस्टीममध्ये हे करता येतं, मी ती सिस्टीम वापरलेय. मागणीचं पत्र मी लिहून आणलंय, बाहेर टेबलावर ठेवलंय, वाचा, पटलं तर सही करा, आणि ज्यांना आकडे परत मोजून बघायचेत त्यांनी पुढे या, मी पत्त्यांचा कॅट घेऊन आलेय.