बारा पौंडी तोफ आणि एक टँकर

माइनस्वीपर म्हटलं की लोकांना ती युद्धनौका वाटतच नाही. काम काय, तर समुद्राचा रस्ता झाडायचा. मागे पोलादी तार सोडायची. तारेच्या टोकाला एक उपकरण असतं, जहाज पुढे गेलं की ते तार बाजूला ताणून धरतं. तारेवर कातऱ्या. तळाला नांगरलेल्या सुरुंगाची दोरी तारेत अडकली की कापली जाते, सुरुंग पाण्यावर येतो आणि मग त्याला बंदुकीने उडवायचं. दिवसचे दिवस हेच. कंटाळवाणं काम, पण ते कोणी केलं नाही तर बंदर बंद.

'बेंगाल' ही असली नौका. सिडनीच्या कॉकाटू गोदीत बांधली गेली आणि ऑगस्ट 1942 मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत, म्हणजे ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानच्या नौदलात, दाखल झाली. बॅथर्स्ट वर्गाच्या, म्हणजे तिच्याच नमुन्याच्या, एकूण 60 नौका झाल्या, त्यातल्या चार हिंदुस्थानच्या: पंजाब, बॉम्बे, मद्रास आणि ही. लांबी 186 फूट, वेग 15 नॉटच्या आसपास. सुरुंगांबरोबर पाणबुड्यांचा माग काढायचा आणि व्यापारी जहाजांना सोबत करायची, अशी तिहेरी जबाबदारी. या नौदलाची भरती पूर्वी मुख्यतः रत्नागिरीकडच्या कोकणी मुसलमान दर्यावर्द्यांतून आणि पंजाबातून होत असे. युद्ध पेटलं तसे सगळ्या देशातून खलाशी येऊ लागले. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे आरमार म्हटलं की गाडी थेट कान्होजी आंग्र्यांवर जाऊन थांबते, आणि मधली दोनशे वर्षं कुणी समुद्रावर नव्हतंच असं वाटतं.

आता बेंगालच्या लढाईच्या दिवसाकडे येऊ. 11 नोव्हेंबर 1942. पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधीचा दिवस, हा एक योगायोग. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटल बंदरातून निघालेली बेंगाल 'ओंडिना' या डच टँकरला सोबत करत हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे चालली होती. कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला, साडेपाचशे मैलांवर, क्षितिजावर दोन जहाजं दिसली. होकोकू मारू आणि ऐकोकू मारू. मुळात प्रवासी जहाजं, पण जपान्यांनी त्यांना शिकारी बनवलं होतं. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी, 14 सेंटिमीटरच्या तोफा, पाणतीर (टॉर्पेडो), वर विमानंसुद्धा. बेंगालकडे मुख्य तोफ एक. बारा पौंडी.

हे आकडे नुसते ऐकून कळत नाहीत, म्हणून दोन्ही गोळे मनातल्या मनात हातात घेऊन बघा. बारा पौंडी तोफेचा गोळा साडेपाच किलोचा. गव्हाची पिशवी उचलतो तसा एका हाताने उचलता येतो. समोरच्या जपानी तोफेचा गोळा 38 किलोचा, आठवीतल्या मुलाएवढा. आणि असे गोळे दोन जहाजांवरून येणार.

बेंगालचे कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन. त्यांनी टँकरला निघून जायला सांगितलं आणि स्वतःची नौका शत्रूकडे वळवली. टँकरने ऐकलं नाही. ओंडिनाच्या मागच्या बाजूला एकच चार इंची तोफ, गोळे मोजकेच, पण तीही लढायला लागली. थोड्याच वेळात होकोकू मारूच्या मागच्या भागात गोळा बसला. तिथे पाणतीर होते. आग दारूकोठारापर्यंत गेली, आणि तासाभराच्या आसपास ते जहाज बुडालं. 354 पैकी 76 माणसं गेली, कप्तानासह.

तो गोळा कुणाचा, यावर अजून भांडण आहे. बेंगालचा म्हणणारे आहेत, ओंडिनाचा म्हणणारे आहेत. माझं मत विचाराल तर चार इंची तोफेच्या बाजूने. पण मला या वादापेक्षा पुढचं जास्त सतावतं.

बेंगालचा दारूगोळा संपत आला, तिलाही मार बसला होता. ती धुराचा पडदा सोडून निघून गेली. आगीत वेढलेली ओंडिना बुडाली, असं बेंगालवरच्या लोकांना वाटलं. ज्याची राखण करायची त्यालाच सोडून गेली का? असा प्रश्न कुणी विचारला तर मी रागावणार नाही. पण गोळा नसलेली तोफ घेऊन तिने तिथे काय केलं असतं? स्वतःसकट आणखी एक जहाज तळाला गेलं असतं, एवढंच.

ओंडिना मात्र बुडाली नव्हती. कप्तान विलेम होर्समन मारले गेले. खलाशी होडक्यांत उतरले, तर ऐकोकू मारूने त्यांच्यावर मशीनगन चालवली. टँकरच्या कुशीत दोन पाणतीर शिरले, तरी रिकाम्या टाक्यांमुळे ती तरंगतच राहिली. शत्रू गेल्यावर उरलेले लोक परत वर चढले, आग विझवली, कललेलं जहाज सरळ केलं आणि फ्रीमँटलची वाट धरली. जखमींसाठी मदत मागावी म्हणून बिनतारी संदेश पाठवला, तोही साध्या भाषेत, कारण सांकेतिक पुस्तकं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून आधीच समुद्रात टाकलेली. किनाऱ्यावरून उत्तर येईना. त्यांच्या हिशेबी ओंडिना बुडालेली होती, तेव्हा हा जपान्यांचाच डाव असणार! बुडालेलं जहाज आठवड्याभराने स्वतःच्या इंजिनावर बंदरात शिरलं, तोवर बेंगालही दिएगो गार्सियाला पोचली होती.

विल्सनना डी.एस.ओ. हा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला. बेंगाल दुरुस्त होऊन पुन्हा सोबतीच्या कामाला लागली, आणि स्वातंत्र्यानंतर भारतीय नौदलात राहिली. 1960 मध्ये ती मोडीत निघाली.