शार्त्रच्या वेदीवरचा रोमन थाट

शार्त्रचं कॅथेड्रल. ११९४ च्या आगीनंतर नव्यानं उभं राहिलेलं, फ्रेंच गॉथिकचा मानबिंदू. टोकदार कमानी, निळ्या काचांतून झिरपणारा अंधुक उजेड. आणि मुख्य वेदीपाशी पोचलो, की एकदम वेगळाच थाट. पांढराशुभ्र संगमरवर, गुळगुळीत खांब, सोनेरी मुलामा.

हे सगळं अठराव्या शतकातलं. हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही गाडली गेलेली प्राचीन रोमन शहरं मातीखालून वर येत होती, आणि युरोपातल्या जाणकारांना प्राचीन रोमचं वेड लागलं होतं. चर्चही त्यातून सुटलं नाही. स्तंभ, त्यावर आडवी तुळई, वर त्रिकोणी माथा, बांधकामाला एवढं पुरे, असं १७५३ मध्ये ठासून मांडणारा वास्तुकलेचा लेखक लोजिए हा जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक संघाचा पाद्रीच होता.

शार्त्रच्या धर्मगुरूंना वेदी मोकळी हवी होती, मिस्सा, म्हणजे वेदीवरचा उपासनाविधी, लोकांना दिसायला हवी होती. मधे उभी होती तेराव्या शतकातली कोरीव दगडी पडदाभिंत. १७६३ मध्ये ती पाडली. तिची काही शिल्पं चक्क फरशीखाली गेली आणि पुढच्या शतकात सापडली. त्यातल्याच एका शिल्पात बाळंतीण मरिया पडल्या पडल्याच बाळाकडे हात नेते आहे. हे पायाखाली घालायला मन कसं धजावलं, कोण जाणे!

मग आला रोममध्ये शिकलेला वास्तुकार व्हिक्तोर लुई. त्यानं गॉथिक खांबांवर संगमरवरासारख्या दिसणाऱ्या स्टक्कोचा गिलावा चढवला. अस्सल दगडावर नकली दगड. वेदीमागे शिल्पकार ब्रिदाँचं मरियेचं स्वर्गउन्नयन, १७७३ मध्ये पूर्ण झालेलं. इटलीतल्या कारारा गावचा संगमरवर, देवदूत, ढग, आणि वर झेपावणारी मरिया. शिल्प नीट उजळावं म्हणून काही खिडक्यांतल्या रंगीत काचा काढून साध्या बसवल्या. याच लुईनं पुढे बोर्दोचं भव्य नाट्यगृह बांधलं. वेदीकडे पाहताना ते पटतं. प्रकाशयोजना, नेपथ्य, सगळं चोख.

फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत हे शिल्प फुटायचंच. पण १७९३ मध्ये कुणीतरी शक्कल लढवली. मरियेच्या डोक्यावर क्रांतीची लाल टोपी घातली, हातात भाला दिला. झाली स्वातंत्र्यदेवता! शिल्प वाचलं.

अलीकडच्या जीर्णोद्धारात भिंतींबरोबर हा स्टक्कोही लख्ख झाला. त्या कामावर टीका भरपूर झाली. पण स्टक्कोलाही आता सुमारे अडीचशे वर्षं झाली. खरवडून टाकायचा म्हटला, तर १७६३ चीच चूक पुन्हा करायची.