घोड्याची दाढ वाचताना

श्रोतेहो, नमस्कार.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घ्यायला आलेला माणूस आधी त्याचा ओठ वर करतो आणि पुढचे दात पाहतो. झीज पाहून वयाचा अंदाज येतो. आज त्याच तोंडात आपण जरा आत जाऊ, गालामागच्या दाढांपर्यंत. घोडा मात्र लाखो वर्षांपूर्वीचा.

इतक्या जुन्या घोड्याची अख्खी कवटी क्वचितच हाती लागते. दाढ टिकते, कारण दाताच्या एनॅमलइतकं, म्हणजे त्याच्या पांढऱ्या आवरणाइतकं, कठीण शरीरात दुसरं काही नसतं. घोड्याची कोवळी दाढ ७-८ सेंटिमीटर उंच असते आणि तिचा बहुतेक भाग जबड्यात दडलेला असतो. गवत चावताना ती वरून झिजते, आणि वर्षाला २-३ मिलिमीटर अशी खालून वर सरकत राहते.

झिजलेल्या माथ्यावर एनॅमलची रेघ उठून दिसते. ही रेघ कोकणच्या किनाऱ्यासारखी आहे असं समजा: ठिकठिकाणी आत शिरलेल्या खाड्या, बाहेर आलेली टोकं. वरच्या दाढेत जिभेच्या बाजूला एक उंचवटा असतो, त्याला प्रोटोकोन म्हणतात. आजच्या घोड्यात तो मुख्य भूमीला जोडलेला असतो, भूशिरासारखा. हिपॅरिऑन नावाच्या तीन बोटांच्या नामशेष घोड्यात तो सुटा असतो, चारी बाजूंनी वेगळं पडलेलं बेटच. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांत हे दोन्ही प्रकार सापडतात, हिपॅरिऑन जुन्या थरांत आणि एक्वस, म्हणजे आजचा घोडा, गाढव आणि झेब्रा ज्यात येतात तो गट, बराच वरच्या, नव्या थरांत. १८३०च्या दशकात ह्यू फाल्कनर आणि प्रोबी कॉटली या ब्रिटिश अभ्यासकांनी तिथून जीवाश्मांचा मोठा साठा गोळा केला. शिवालिकच्या घोड्याला त्यांनी एक्वस सिवालेन्सिस हे नाव दिलं, आणि नर्मदेच्या गाळात सापडलेल्या घोड्याला एक्वस नामाडिकस.

खालच्या दाढेत पाहायची जागा वेगळी. तिथेही जिभेच्या बाजूला दोन गोल उंचवटे असतात आणि मधे एक खाच. गाढव, झेब्रा आणि जुने एक्वस यांच्यात ही खाच बहुधा टोकदार असते, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. खऱ्या घोड्यात ती पसरट, यू अक्षरासारखी. सिवालेन्सिसची खाच टोकदार आहे.

ऐकायला सोपं वाटतं ना? अडचण झिजेची आहे. दाढ जसजशी झिजते तसतसा माथ्यावरचा नकाशा बदलतो. घड्या कमी होतात, खाड्या उथळ होतात. हिपॅरिऑनची दाढ अगदी बुंध्यापर्यंत झिजली की ते सुटं बेटही मुख्य भूमीला जाऊन मिळू शकतं. म्हणजे म्हातारा हिपॅरिऑन आणि एक्वस यांची गल्लत व्हायची भीती. म्हणून तुलना करायची ती त्याच जागेच्या आणि तितक्याच झिजलेल्या दाढांची. रांगेतली पहिली आणि शेवटची दाढ त्रिकोणी, त्या लगेच ओळखता येतात. मधल्या चार चौकोनी. सुट्या सापडल्या तर त्यांतली कुठली कितवी, हे सांगताना जाणकारही थबकतो.

ही काळजी न घेतल्यामुळे काय झालं ते उत्तर अमेरिकेत दिसतं. सुट्या दाढा आणि तुकडे पाहून तिथे एक्वसच्या पन्नासहून अधिक जाती नोंदवल्या गेल्या. पुढे प्राचीन डीएनए वाचता येऊ लागला, तेव्हा त्यांतली बरीच नावं एकाच प्राण्याची असावीत असं दिसू लागलं. लांब, सडपातळ पायांचा एक गट तर एक्वसबाहेरचाच निघाला. २०१७ मध्ये त्याला हॅरिंग्टनहिपस हे नवं नाव मिळालं. मला वाटतं, एकाच दाढेवर बेतलेल्या जुन्या नावाकडे आपण थोडं सबुरीनंच पाहायला हवं.

यासाठी मला चार्ल्स डार्विनची आठवण होते. १८३३ साली दक्षिण अमेरिकेतल्या पराना नदीच्या काठी, सांता फे बाहादा इथे त्याला घोड्याची एक दाढ सापडली. स्पॅनिश लोकांनी नेण्याआधी अमेरिकेत घोडा नव्हता अशीच तेव्हा समजूत. ही दाढ अलीकडच्या एखाद्या घोड्याची असेल आणि वरून खाली आली असेल, तर सगळाच घोटाळा. म्हणून ती त्याच थरात, बाकीच्या नामशेष प्राण्यांच्या अवशेषांबरोबरच गाडली गेली होती ना, याची त्यानं बारकाईनं खात्री करून घेतली. शेजारी टॉक्सोडॉन हा गेंड्याएवढा आणि मॅस्टोडॉन हा हत्तीसारखा, अशा दोन नामशेष प्राण्यांचे दात होते. रंग तोच, कुजण्याची अवस्थाही तीच.

नदीच्या दरडीत तुम्हाला कधी अशी दाढ दिसली, तर उचलायच्या आधी ती कुठल्या थरात आहे ते लिहून ठेवा, फोटो काढा. जागेवरून हललेल्या दाढेची निम्मी गोष्ट तिथेच राहून जाते.