आरशासमोर आरसा

श्रोतेहो, नमस्कार. आज नुसतं ऐकू नका, दोन सपाट आरसे घेऊन बसा. कडांना आधी चिकटपट्टी लावा, काच हात कापते.

दोन्ही आरसे मागून चिकटपट्टीनं जोडले की ते पुस्तकासारखे उघडतात-मिटतात. टेबलावर उभे करून मध्ये एक नाणं ठेवा. आरसे काटकोनात असतील तर आत तीन नाणी दिसतील, ६० अंशांना पाच, ४५ अंशांना सात. ३६० ला कोनानं भागून एक वजा करायचा, हे सूत्र तुम्हाला आठवलं असेल. मुलांना मात्र इतक्यात सांगू नका. सूत्र कळलं की ती मोजायचं सोडून देतात. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञानं १८१७ साली पेटंट घेतलेल्या कॅलिडोस्कोपमधली नक्षी अशाच कोनातून उमटते.

आता पट्टी काढा आणि आरसे समोरासमोर, दहा सेंटिमीटरवर उभे करा. मध्ये एक छोटी बाहुली ठेवा, पण मधोमध नको. एका आरशापासून दोन सेंटिमीटरवर, तोंड त्याच आरशाकडे. दुसऱ्या आरशाच्या वरच्या कडेवरून आत डोकवा. थेट समोरून बघाल तर तुमचंच डोकं आड येईल! आधी बाहुलीचा चेहरा, मग पाठ, पुन्हा चेहरा, पुन्हा पाठ. ही रांग सारख्या अंतरानं लागलेली नाही. सोळा सेंटिमीटर, मग चार, पुन्हा सोळा, पुन्हा चार. असं का, ते कागदावर रेघा मारून शोधा. या प्रयोगातला हा भाग मला सर्वांत आवडतो.

रांग अनंत असायला हवी, पण ती अंधारत जाते. प्रत्येक परावर्तनात थोडा प्रकाश गळतो. एक दशांश गळला असं धरलं, तर दहा परावर्तनांनंतर जेमतेम ३५ टक्के उरतो. लांबच्या बाहुल्या हिरवटही दिसतील, कारण साध्या काचेत लोहाचा अंश असतो आणि तिच्यातून हिरवा प्रकाश कमी शोषला जाऊन पार होतो. रांग वाकडी दिसली तर आरसे समांतर नाहीत, एवढंच.

तिसरा आरसा मिळाला तर आरसे पुन्हा काटकोनात उभे करून तो खाली आडवा ठेवा. एक डोळा मिटून कोपऱ्यात बघा. डोकं कुठेही हलवा, उघड्या डोळ्याचं बुबुळ कोपऱ्यातच राहील. असा कोपरा प्रकाशाला आल्या दिशेनंच परत पाठवतो. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी असेच काचेचे शंभर कोपरे चंद्रावर ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांच्यावर आपटून सुमारे अडीच सेकंदांत परततो आणि त्या वेळेवरून चंद्राचं अंतर आजही मोजतात.