काचपट्टीवरच्या अवाढव्य पेशी

मिरजेत १८९४ मध्ये विल्यम वानलेस यांचे रुग्णालय सुरू झाले आणि १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले; तेव्हापासून, किंबहुना त्याही आधीपासून, सांगली जिल्ह्यात कोणाचे दुखणे वाढले की घरचे म्हणतात, "मिरजेला न्या." त्याच मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ही काचपट्टी ठेवली आहे. तिच्यावर मृत नवजात बाळाच्या ॲड्रिनल, म्हणजे अधिवृक्क ग्रंथीचा, मेणाच्या ठोकळ्यातून कापलेला पापुद्रा आहे.

मूत्रपिंडावर टोपीसारखी बसणारी ही ग्रंथी जन्मतः मूत्रपिंडाच्या सुमारे एक तृतीयांश असते. प्रौढ माणसात हेच प्रमाण सुमारे एक तिसांशावर येते. तिचा बहुतांश भाग गर्भावस्थेपुरताच असतो आणि जन्मानंतर आपोआप विरत जातो. आपल्याला पाहायच्या आहेत त्या पेशी याच भागातल्या.

भिंग फिरवले की एकसारख्या गुलाबी पेशींच्या दाटीत मध्येच एखादी अवाढव्य पेशी दिसते. तिचे केंद्रक गडद जांभळे, वेडेवाकडे आणि शेजारणीच्या केंद्रकाच्या कित्येक पट असते. काही केंद्रकांत गुलाबी ठिपकाही दिसतो. तो विषाणू नव्हे, तर केंद्रकात दुमडून शिरलेला पेशीद्रव असतो. नवशिक्या डॉक्टरला येथे कर्करोगच आठवतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. मात्र कर्करोगात विभागणाऱ्या पेशी सापडतात. येथे त्या शोधूनही सापडत नाहीत. या पेशींमध्ये गुणसूत्रांचा साठा वाढलेला असतो, पण पेशी दुभंगत नाही, नुसतीच फुगते. नवजातांच्या साधारण ३ टक्के शवविच्छेदनांत अशा पेशी आढळतात आणि बहुतेक वेळा मृत्यूशी त्यांचा संबंध नसतो.

मात्र दोन्ही ग्रंथी अशा पेशींनी भरलेल्या असतील, तर प्रकरण वेगळे असते. अमेरिकेतील डॉ. बेकविथ यांनी १९६३ मध्ये अशी बाळे नोंदवली, पुढच्याच वर्षी जर्मनीत डॉ. वीडेमान यांनी, आणि त्या विकाराला दोघांचे नाव मिळाले. त्याचे मूळ अकराव्या गुणसूत्रावर आहे. याउलट, मुलग्यांत दिसणाऱ्या एका आनुवंशिक विकारात ग्रंथी अगदी लहान राहते आणि पेशी तेवढ्या मोठ्या होतात. तेथे शरीरातले मीठ वाहून जाते आणि स्टेरॉइड वेळेवर मिळाले नाही, तर बाळ हातचे जाते.

जिवंत बाळाची ही ग्रंथी कोणी कापून पाहत नाही. म्हणून बेकविथ-वीडेमान विकार ओळखण्यासाठी प्रसूतिकक्षात नजर जाते ती बाहेर डोकावणाऱ्या मोठ्या जिभेकडे, बेंबीतून आलेल्या फुगवट्याकडे आणि कानाच्या पाळीवरच्या चिरांकडे. ही लक्षणे दिसली की बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली जाते, कारण पहिल्या दिवसांत ती धोकादायकरीत्या घसरू शकते. आणि मूत्रपिंडात गाठ वाढत नाही ना, हे पाहण्यासाठी पुढे काही वर्षे, दर तीन महिन्यांनी, पोटाची सोनोग्राफी करावी लागते.