फिटच्या गोळ्या आणि कॅल्शियमची बाटली

पत्रिकेत विषय छापलाय ‘फिटच्या गोळ्यांचे दुष्परिणाम’, तो मी घेणारच आहे, पण आधी एक हकीकत सांगते, ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. काहीजणींनी आधी ऐकलीय, त्यांनी परत ऐका.

चिपळूणला माझं मेडिकल आहे. एक मुलगी शाळेपासून आमच्याकडून सोडियम व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी न्यायची, आईबरोबर यायची. लग्न ठरलं आणि आई एकटीच आली. म्हणाली, ताई, दोन महिन्यांच्या द्या, आणि स्ट्रिपमधून काढून यात भरून द्याल का? पिशवीतून बाटली काढली, कॅल्शियमच्या गोळ्यांची, रिकामी, लेबल तसंच. सासरी कळायला नको ना. मी म्हटलं, अहो, ही गोळी हवेतली ओल ओढते, म्हणून तर फॉइलमध्ये असते, आणि पाऊस तोंडावर आलाय. मी स्ट्रिपच दिल्या, त्यांनी घरी जाऊन काढल्या. आणि कोकणातला जुलै तुम्हाला मी काय सांगू, सगळ्या गोळ्या एकमेकींना चिकटून बाटलीत लगदा झाला. आता पोरीने करायचं काय, नवऱ्याला सांगता येत नाही, माहेरी फोन करावा तर सासूबाई बाजूलाच, म्हणून घेणंच सोडलं. आणि एका पहाटे फिट सुरू झाली ती थांबेचना, एक संपते न संपते तोच दुसरी, मधे शुद्धच नाही. गोळी एकदम बंद केली की हे होऊ शकतं. फिट पाच मिनिटांच्या वर गेली की सरळ हॉस्पिटल गाठायचं, कांदा न् चप्पल हुंगवत बसायचं नाही! नवऱ्याने धावपळ करून नेलं, वाचली. पण डॉक्टर विचारतायत गोळी कुठली चालू होती, आणि घरात एकालाही माहीत नाही.

त्या आईवर मला राग धरवत नाही. हिंदू विवाह कायद्यातच फिट हा लग्नातला अडथळा म्हणून लिहिलेला होता, तो 1999 साली काढला. कायद्यातून गेला, बोलणीतून कुठं गेलाय?

माझं म्हणणं एवढंच, मुलगी वयात यायच्या आत तिची गोळी कुठली आहे ते डॉक्टरांबरोबर बसून बोला, लग्नाची वाट बघू नका. कारण व्हॅल्प्रोएट. गोळी चांगली, फिट आवरते, पण गरोदरपणात घेतली तर 100 पैकी साधारण 10 बाळांत जन्मतः व्यंग असतं, एरवी हे 2-3 असतं, आणि 30 ते 40 मुलांना बोलणं, शिकणं, वागणं यात अडचणी येतात. बाळाचा मेंदू न् मणका जिच्यातून घडतो ती नळी गर्भ राहिल्यावर पहिल्या चार आठवड्यांतच बंद व्हायची असते, तेव्हा पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरासिटाम त्या मानाने सुरक्षित, पण बदल करायला महिने लागतात. म्हणून आधी. आणि दिवस गेलेच असतील तर घाबरून गोळी सोडायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, ऐकताय ना?

पाच मिनिटं राहिली म्हणतायत, बरं, भराभर घेते. फेनिटॉइनने हिरड्या सुजतात, वाढतात, ब्रश नीट करा, दाताच्या डॉक्टरलाही सांगा. त्याचा डोस जरासा वाढला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं, मग तोल जातो, डबल दिसतं, लोकांना वाटतं माणूस पिऊन आलाय. कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन सुरू केल्यावर पहिल्या दोनेक महिन्यांत अंगावर पुरळ, त्यात ताप किंवा तोंडात फोड, तर लगेच दवाखाना, पावडर लावत थांबू नका. लेव्हेटिरासिटामने चिडचिड होते, मन उदास होतं, पोरगी उद्धट झाली म्हणून ओरडण्याआधी गोळी कधी सुरू झाली ते बघा. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, कधी लिव्हरला त्रास होतो, उलट्या न् सुस्ती दिसली तर दाखवा.

आणि दुसरं कुठलंही औषध घेताना फिटची गोळी चालू आहे हे सांगाच. टीबीच्या आयसोनियाझिडने रक्तात फेनिटॉइन साचतं, आणि फेनिटॉइन-कार्बामाझेपिनमुळे गर्भनिरोधक गोळी निकामी होऊ शकते, हे तर नव्या जोडप्यांना कुणी सांगतच नाही. हं, मागच्या ताई मघापासून हात वर करून आहेत, बोला.