सीटखालची खोगीरभरती

नमस्कार श्रोतेहो.

पुण्याहून पहाटे सायकलनं वाईला निघालो होतो. खंबाटकीचा घाट निम्मा चढला आणि मागचं चाक बसलं. मी निर्धास्त होतो, कारण सीटखालच्या पिशवीत कोरी ट्यूब होती. टायरमधून बोट फिरवलं, तार सापडली, काढली. नवी ट्यूब घातली, पंप मारला आणि तीही फुस्स! काढून गालाजवळ धरली, तर घडीवर मोहरीएवढ्या भोकातून वारा येत होता. आठ महिने ती ट्यूब आणि सहाकोनी खाचेचे स्क्रू फिरवायची लोखंडी ॲलन की एकाच पिशवीत, एकमेकींना घासत, माझ्याबरोबर फिरत होत्या. म्हणजे पंक्चर पिशवीतच झालं होतं, तेही माझ्याच हातानं.

तेव्हा आज या पिशवीबद्दलच बोलू. इंग्रजीत तिला सॅडल बॅग म्हणतात. सॅडल म्हणजे खोगीर, आणि आपल्याकडे ‘खोगीरभरती’ हा शब्द आधीपासून आहेच. बहुतेकांच्या सीटखाली तीच चालते. पिशवी आधी घेतली जाते आणि मग ती भरायला वस्तू शोधल्या जातात. माझं म्हणणं उलट आहे. आधी घरी वर्तमानपत्र पसरा आणि लागणारं सामान त्यावर मांडा. एक ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, ॲलन कीचा घडीचा संच, पॅच आणि सोल्युशन, चेनची एक जोडकडी. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा कापलेला तुकडाही ठेवा. टायर बाजूनं फाटला तर तो आतून लावून घरापर्यंत येता येतं. एवढं सगळं साधारण एक लिटरच्या पिशवीत बसतं. पंप सायकलच्या दांडीला लावा.

ट्यूब मात्र आपल्याच चाकाची आहे ना, ते पाहा. रोड सायकलच्या रिमला बहुधा बारीक प्रेस्टा वॉल्व्हचं साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व्ह त्यात जात नाही, आणि हे रस्त्याच्या कडेला कळून उपयोग नसतो. ट्यूबला टाल्कम पावडर लावा, जुन्या पायमोज्यात घाला आणि वरून प्लास्टिकची पिशवी. हत्यारं वेगळ्या फडक्यात. पावसाळ्यात मागचं चाक चिखलाचा फवारा थेट या पिशवीवरच मारतं. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या पिशवीतूनही मी पाणी ओतून काढलेलं आहे, कारण कापड टिकतं पण चेनमधून पाणी शिरतं. चेन म्हणजे पिशवीची, सायकलची नव्हे. मराठीत दोघींना एकच नाव, त्याला काय करणार!

आता बसवणं. सीटच्या खाली दोन समांतर सळया असतात, त्यांना रेल म्हणतात. पिशवीचे वरचे पट्टे या सळयांवरून घ्यायचे आणि पिशवी सीटच्या पोटाला चिकटेपर्यंत ओढायचे. सीटच्या उभ्या दांडीचा पट्टा सगळ्यात शेवटी. अनेक जण आधी दांडीचा पट्टा आवळतात, मग वरचे पट्टे कितीही ओढा, पिशवी लोंबतच राहते. बसवून झाल्यावर पिशवी मुठीत धरून जोरात हलवा. सायकल हलली पाहिजे, पिशवी नाही.

दांडीच्या पट्ट्याखाली धूळ अडकते आणि ती पॉलिश पेपरसारखं काम करते. दांडी कार्बनची असेल तर वर्षभरात तिथे खरवडलेला पट्टा दिसतो. रद्द ट्यूबचा चार बोटं तुकडा कापून मधे गुंडाळा. पिशवी घसरतही नाही. वेल्क्रोचं खरखरीत टोक बाहेर राहू देऊ नका. पॅडल मारताना मांडी तिथेच घासते आणि महागाच्या सायकलिंग शॉर्ट्सचे धागे निघतात. हा शोध मी दोन शॉर्ट्स घालवून लावला.

मागचा लाल दिवा पिशवीच्या फितीला अडकवण्याची सोय असते. दिसायला छान, पण पिशवी जरा खाली झुकली की दिवा डांबराला प्रकाश दाखवतो आणि मागच्या ट्रकवाल्याला अंधार. दिवा दांडीवर लावा, पिशवीच्या खाली.

दहा-बारा लिटरच्या लांब पिशव्या मुक्कामी जाणाऱ्यांसाठी. त्या घेताना सायकल दुकानात घेऊनच जा. माझ्या पुतणीची उंची पाच फूट, त्यामुळे तिची सीट खाली. तिनं हौसेनं मोठी पिशवी आणली आणि पहिल्याच खड्ड्यात ती चाकाला टेकली. घरी येईपर्यंत तळाला भोक पडलं होतं. अशा पिशवीत जड सामान दांडीकडे आणि कपडे शेपटीकडे ठेवावेत, नाहीतर घाटात उभं राहून पॅडल मारताना ती म्हशीच्या शेपटीसारखी डावी-उजवी करते. उंची कमी असेल तर सरळ कॅरिअर लावा, त्यात कमीपणा नाही.

ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल सफर, करणाऱ्यांना हे सांगायला नको. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, आणि दोन कंट्रोलच्या, म्हणजे वाटेतल्या तपासणी-ठाण्यांच्या, मधे मदतीची गाडी चालत नाही. जे सीटखाली तेच आपलं.

मी आता दसऱ्याला सायकल धुतो, झेंडूची माळ घालतो आणि पिशवी अंगणात उलटी करतो. सोल्युशनची ट्यूब एकदा फोडली की आत वाळतेच, ती बदलतो. गेल्या दसऱ्याला आतून एक गुळाची चिक्कीही निघाली, कधीची ते आठवेना. हत्याराशेजारीच होती, म्हणून तिचीही पूजा केली आणि मग खाल्ली.

नमस्कार.